एकशे साठ पावलं

टेप तिसऱ्यांदा लावून झाली तेव्हा दादा म्हणाला, "चौथ्यांदा लावलीस म्हणून भिंत मागे सरकणार नाही, प्रोफेसर."

ती गुडघ्यांवर बसली होती. टेपचं पत्र्याचं टोक तिने मागच्या भिंतीच्या विटेला टेकवून धरलं होतं. बोटांची पेरं चुन्याने पांढरी झाली होती. तीन दिवस पाच माणसांनी मिळून दोर वळायच्या जुन्या शेडचा मागचा भाग मोकळा केला होता. कुजलेले तागाचे गठ्ठे, मोडकी चक्रं, एकोणीस वर्षांची अडगळ. आज दुपारी शेवटचा गठ्ठा हलला आणि त्याच्यामागे भिंत निघाली. तिच्या नकाशात तिथून पुढे अजून सहा गाळे होते.

"शंभर, शंभर आणि ऐंशी," ती म्हणाली. "दोनशे ऐंशी फूट."

"मघाशीही तेवढेच होते."

"चारशे हवेत."

"हवेत ना. मलाही पुष्कळ काही हवं होतं." दादा टेप गुंडाळू लागला. तो तिचा चुलतभाऊ, तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, आणि अठ्ठावीस वर्षं मालाच्या गाड्या चालवून परत आलेला. अंतराशी त्याचं वैर नव्हतं. "ऊठ. गुडघे दुखतील."

ती उठली नाही. नऊ गाळ्यांच्या भिंती दाराकडून उभ्या राहत आल्या होत्या, प्रत्येक गाळा वीस फुटांचा. उरलेल्या शंभर फुटांत आणखी पाच. एकूण चौदा. गावातल्या लहान व्यावसायिकांना कबूल केले होते वीस, आणि ज्यांना जागा उरत नव्हती ते सहा जण या क्षणी बाहेर अंगणात आपापल्या सामानावर बसून होते.

नऊ वर्षं तिने कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं होतं. उत्तराला एकक लावलं नसेल तर ती अर्धा गुण कापत असे, आणि मुलं कुरकुरली की म्हणे, एकक नसलेला आकडा म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. गेल्या वर्षी शहरातून फोनवर तिने अण्णांना, म्हणजे दादाच्या वडिलांना, विचारलं होतं, शेड किती लांब आहे? अण्णा म्हणाले होते, एकशे साठ पावलं. लहानपणापासून तिने तोच आकडा ऐकला होता. माणसाचं पाऊल अडीच फुटांचं धरून तिने चारशे फूट लिहिले. कचेरीतल्या माणसाने तिच्या कागदावरून उतरवून घेतले. अण्णांची दोर वळायची वाट तेवढी मोकळी होती, पण तिचं दुसरं टोक कायम अंधारात असे. घरातल्या माणसाला आपलं घर मोजावंसं वाटत नाही.

"चल," दादा म्हणाला. "सांगायला तर लागेलच."

*

चक्राची खोली शेडच्या तोंडाशी होती. एका बाजूला लाकडी चक्र, माणसाच्या उंचीचं, आणि भिंतीला लागून लांब बाक. याच बाकावर सात वर्षांपूर्वी आत्याने आपला हिस्सा सोडल्याची सही केली होती आणि मग वर्षभर कुणाशी बोलली नव्हती. तेव्हापासून घरातली महत्त्वाची बोलणी कुणी ठरवून या खोलीत करत नसे. ती आपोआपच इथे येत.

अण्णा स्टुलावर बसले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, रुंद पाठीचा, तळहात तागाने घासून गुळगुळीत झालेले. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे तिचे वडील, बाकावर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. अण्णांची बायको, तिची काकू, किटलीतून चहा ओतत होती. चक्र फिरवणारा त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली उतरलेला होता.

तिने आकडे सांगितले.

"असं कसं होईल?" मास्तर म्हणाले. "तीस वर्षं मी वर्गात गणित घालत आलो. एकशे साठ पावलांची शेड, एक पाऊल अडीच फुटांचं, तर..."

"म्हणजे तीस वर्षं अख्खं गाव चुकीचं गणित बरोबर सोडवत आलं," दादा म्हणाला.

"तू तर तेही बरोबर सोडवलं नव्हतंस."

"अण्णा," ती म्हणाली, "जरा चालून दाखवता?"

"चालून काय दाखवायचं? चालायला लागलो त्याला सत्तर वर्षं झाली."

"दोर वळताना चालता तसं."

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, मग कप खाली ठेवला. सूत वळणारा माणूस कमरेला ताग गुंडाळतो, चक्राकडे तोंड करतो आणि मागे मागे चालत जातो. जितका मागे जाईल तितकं सूत. आज कमरेला ताग नव्हता, तरी त्यांचे दोन्ही हात पोटापाशी गेले. काकूंचा हात सवयीने चक्राच्या मुठीवर गेला आणि तसाच राहिला. अण्णा वाटेवर मागे सरकू लागले. आधी टाच जमीन चाचपे, मग पाऊल टेके. दहा पावलं झाल्यावर ती म्हणाली, "बस."

दादाने टेप लावली. साडेसतरा फूट.

"पावणेदोन फुटांचं पाऊल," ती म्हणाली. "एकशे साठ गुणिले पावणेदोन. दोनशे ऐंशी." आवाज वर्गात सांगावं तसा सपाट निघाला. "आकडा बरोबरच होता. पावलं उलटी होती."

कुणीतरी हसेल असं तिला वाटलं. एरवी हे घर अशा गोष्टीवर वर्षभर हसलं असतं.

*

"आता गाळे लहान करा," मास्तर म्हणाले. "सोपं आहे."

"नऊ बांधून झालेत, बाबा. उरलेल्या शंभर फुटांत अकरा जण. प्रत्येकाला नऊ फूट. त्यात लेथ मावत नाही, पिठाची गिरणी मावत नाही."

"मागची भिंत पाडून पुढे वाढवलं तर?"

"पुढे कालवा आहे," दादा म्हणाला. "गाळ्यांबरोबर होड्या द्याव्या लागतील."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "मग एकच जागा उरते," ते म्हणाले, आणि कुणाकडे न बघता पुढे म्हणाले, "अण्णा, वाट सोडावी लागेल."

शेडची रुंदी बावीस फूट. एका अंगाला दहा फूट खोल गाळे, मध्ये सहा फूट जायची-यायची जागा, आणि दुसऱ्या अंगाला सहा फुटांची ती वाट. ती दारापासून मागच्या भिंतीपर्यंत अखंड राहील, मध्ये एक खिळासुद्धा कुणी ठोकणार नाही, ही अण्णांची अट होती. या एकाच अटीवर त्यांनी शेड द्यायला होकार दिला होता. त्या वेळी सगळ्यात आधी मान हलवली होती ती मास्तरांनी. साठ वर्षांत त्यांनी मोठ्या भावाच्या शब्दापुढे शब्द काढला नव्हता. आत्याच्या वेळीही नाही.

"शब्द दिलाय आपण," दादा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दादा स्वतःही जरा चमकला. एकोणिसाव्या वर्षी तो याच वाटेवरून घर सोडून गेला होता. जाताना बापाला म्हणाला होता की मागे चालत कुणी कुठे पोचत नाही. गेल्या महिन्यापर्यंत तो या वाटेला 'बाबांचं संग्रहालय' म्हणत होता. आणि मघाशी, बापाची टाच रिकाम्या जमिनीवर दहा वेळा चाचपत गेलेली पाहून, त्याच्या तोंडून तो शब्द निघेना. असं का याची चौकशी करायची त्याची तयारी नव्हती.

"शब्द सहा जणांनाही दिलाय," मास्तर म्हणाले.

"तो प्रोफेसरने दिला. बाबांना आपण सगळ्यांनी दिला."

"म्हणजे आता शब्दांची पण वाटणी करायची?"

"काका, तुम्हाला सोपं आहे हो. तुमचा फळा कुणी मागितला नाही."

"माझी शाळाच बंद व्हायला आली आहे," मास्तर शांतपणे म्हणाले. "दोन वर्ग एका खोलीत बसतात. दिवसाला दोन बस उरल्या. रस्त्यावरच्या अकरा दुकानांपैकी सातांना कुलपं. त्या सहा जणांत दोघांची मुलं शाळेत येतात. ती गेली की तिसरा वर्गही जाईल. मला सोपं आहे असं म्हणू नकोस."

अण्णा आपल्या तळहाताकडे बघत होते.

दार वाजलं नाही, कारण त्या दाराला वाजवायला फळीच नव्हती. शिवणकामवाल्या बाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, गळ्यात मोजपट्टी. हातात निळ्या कापडाचे कापलेले दोन आकडे: एक आणि पाच.

"ताई, माझा पंधरा नंबर कुठे येतो तेवढं दाखवा. आकडे चिकटवून टाकते. आणि मशीन उन्हात तापतंय."

खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं बोलायची आत्ता ताकद नव्हती. तिने खरं सांगितलं. सगळं, पावलांसकट.

बाईंनी ऐकून घेतलं. मोजपट्टीचं टोक त्यांच्या बोटांत गुंडाळलं गेलं, सुटलं, पुन्हा गुंडाळलं गेलं.

"म्हणजे मी बाहेर."

"अजून ठरलेलं नाही."

"जुन्या खोलीची किल्ली काल देऊन टाकली मी," बाई म्हणाल्या. "त्याच्याही आधी, तुमची सभा व्हायच्या आधी, सामान बांधून झालं होतं माझं. बहिणीकडे जाणार होते. या गावात कपडे शिवून घेणारं उरलंय कोण? मग तुम्ही शाळेत उभ्या राहून म्हणालात की एका छताखाली वीस जण बसले तर एकाकडे आलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याचं होतं. दादांची गाडी आठवड्यातून दोनदा माल शहरात नेईल म्हणालात. मी सामान सोडलं." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "सहा जण म्हणालात ना? बाकीच्या पाचांना मी सांगू की तुम्ही सांगता?"

मास्तर पुन्हा चष्मा पुसू लागले.

"बरं. मशीन तेवढं सावलीला घेते. का तेही मोजून घ्यायचं?" असं म्हणून त्या उंबऱ्यावरच बसल्या, आत नाही, बाहेर नाही.

*

काकू किटली हातात धरून उभ्या होत्या. चहा संपला होता, पण किटली खाली ठेवली तर हात मोकळे होतील, आणि हात मोकळे झाले की बोलावं लागेल.

अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी हे चक्र फिरवलं होतं. लग्न झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सासऱ्यांनी मूठ हातात दिली. तेव्हापासून रोज नवरा त्यांच्याकडे बघत बघत लांब जाई. जगातल्या बायकांना नवऱ्याची पाठ दिसते, त्यांना तोंड दिसे. आधी डोळे दिसायचे बंद होत, मग नाक, मग नुसता पांढरा सदरा. दोराला झटका आला की समजायचं, टोक आलं. मग ते परत येताना हळूहळू पुन्हा माणूस तयार होई. एवढ्या वर्षांत या शेडमध्ये त्यांनी नवऱ्याची पाठ एकदाच पाहिली होती.

चार महिन्यांपूर्वी शाळेत वीस नावांची यादी वाचली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू चहा घेऊन आल्या, तर अण्णा वाटेवर होते, आणि त्यांची पाठ दाराकडे होती. सरळ, पुढे तोंड करून, चारचौघांसारखे चालत होते. ओठ हलत होते. भिंतीपर्यंत गेले, वळले, तसेच मोजत परत आले. काकूंनी काही विचारलं नाही. ते म्हणाले, चहा गार झालाय. तो गार नव्हता.

त्यांना वाटलं होतं, आज सांगतील. मग वाटलं, भिंतींचं काम सुरू होईल तेव्हा सांगतील. पहिली भिंत झाली, पाचवी झाली. रोज सकाळी त्यांनी चक्र फिरवलं आणि रोज वाटलं, आज टोकाला जाऊन परत येतील ते बोलतच येतील.

उंबऱ्यावर बाईंनी निळे आकडे घडी घालून ब्लाउजात खोचले.

"एकशे बारा," काकू म्हणाल्या.

"काय?" मास्तरांनी विचारलं.

"सरळ चाललं तर एकशे बारा पावलं होतात. यांनी मोजलीत. यादी वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

पुतणीच्या डोक्यात गुणाकार आपोआप झाला. एकशे बारा गुणिले अडीच. दोनशे ऐंशी. पहिली जाणीव झाली ती सुटकेची, की चूक एकट्या माझी नाही. दुसरी त्या सुटकेची लाज.

"अहो," काकू म्हणाल्या, "मी चार महिने वाट बघितली. आता माझ्याने बघवत नाही."

"बाबा?" दादाने विचारलं.

अण्णांनी मान वर केली. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. खूप वेळ उचलून धरलेलं काही कुणीतरी अलगद हातातून काढून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"खरं आहे," ते म्हणाले.

"माहीत होतं तुम्हाला? भिंती बांधताना मी रोज तुम्हाला विचारायचो, बरोबर चाललंय ना? तुम्ही म्हणायचात, सरळ आहे."

"भिंत सरळच होती."

"बाबा!"

"मला वाटलं, गळतील." अण्णा आता दादाकडे नाही, उंबऱ्याकडे बघत बोलत होते. "वीस नावं वाचली. मी मनात म्हटलं, यातली दहाही उरायची नाहीत. आजवर कोण उरलंय? दूध केंद्र आलं, दोन वर्षांत गेलं. छापखाना गेला. दवाखान्यात डॉक्टर आले आणि पाटी लावायच्या आधी गेले. माझा पोटचा मुलगा उरला नाही. मी म्हटलं, कशाला बोला? आपोआप चौदा होतील. चौदाही जास्त होतील. बोललो असतो तर पहिल्याच दिवशी माझी वाट मोडली असती."

"आणि?"

"कुणी गळलंच नाही," अण्णा म्हणाले. यात त्यांना अजूनही नवल वाटत होतं.

दादा उठला, दोन पावलं गेला, परत आला. मघाचं ते वाटणं आता रागात विरघळलं होतं, आणि राग त्याला ओळखीचा होता. "पीळ दोराला द्यायचा असतो, बाबा. अख्ख्या गावाला नाही."

"दादा, पुरे," ती म्हणाली. "आकडा मी घेतला होता. टेप माझ्या पिशवीत होती. वर्षभर."

"तू त्यांची बाजू घेतेस?"

"कुणाचीच नाही. दमले आहे मी."

मास्तर उठले आणि भावाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वाट सोडा म्हणणारे तेच होते, तरी त्यांचा हात अण्णांच्या स्टुलाच्या कडेवर होता.

मग उंबऱ्यावरून बाईंनी विचारलं, "एक विचारू? एवढा लांब दोर लागतो कुणाला?"

प्रश्नात टोमणा नव्हता. कापड किती लागेल हे विचारावं तसं त्यांनी विचारलं.

अण्णा वाटेकडे पाहू लागले.

"सांगा," काकू म्हणाल्या.

"झोपाळ्याला तीस फूट. होडीवाल्यांना साठ."

"आणि सगळ्यात लांब?"

"विहिरीच्या कामाला नव्वदचा गेला होता. पूर्ण लांबीचा..." ते थांबले. "एकोणीस वर्षं झाली."

"मग मी पाच मीटर कापडाच्या गिऱ्हाइकासाठी पन्नास मीटरचं टेबल लावल्यासारखं झालं की हे," बाई म्हणाल्या.

काकूंना हसू आलं. त्यांनी ते किटलीआड लपवलं.

अण्णा उठले, कोनाड्यातून खडू घेतला, आणि चक्राकडे तोंड करून वाटेवर मागे चालू लागले. या वेळी ते मोठ्याने मोजत होते. पन्नास. साठ. आवाज लांब जात होता. पुतणी मागोमाग गेली नाही. तिला माहीत होतं, हे माप टेपने घ्यायचं नव्हतं.

"नव्वद," अंधारातून आवाज आला. "पीळ देताना लांबीचा तिसरा हिस्सा जातो. तरी शंभर फुटांचा दोर निघतो. पुरे."

तिने मनात गुणलं. नव्वद पावलं म्हणजे एकशे साडेसत्तावन्न फूट. मागे उरले एकशे साडेबावीस. सहा गाळे, वीस फुटांचे. खोली मात्र सहाच फूट.

अण्णा परत आले तेव्हा त्यांच्या अंगठ्याला खडू लागला होता. "सहा फूट खोल मिळतील," ते बाईंना म्हणाले. "दहा नाही. चालेल?"

"मला शिवायचंय, नाचायचं नाही," बाई म्हणाल्या.

"बाकीच्यांना मीच सांगतो."

"मी येतो," दादा म्हणाला.

"नको," अण्णा म्हणाले. "चार महिने मी एकटाच गप्प होतो. तू नव्हतास."

*

अंगणात अण्णांनी जास्त शब्द वापरले नाहीत. शेड कमी पडतेय हे मला माहीत होतं, मी बोललो नाही, असं सांगितलं. का बोललो नाही तेही सांगितलं, कारण ते न सांगता पुढचं सांगता येत नव्हतं. कागदी पिशव्या करणाऱ्या दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. एक माणूस म्हणाला, निदान आमच्या तोंडावर म्हणालात. अण्णांना ते लागलं, आणि लागलं ते बरंच झालं.

सायकल दुरुस्त करणारा तेवढा ऐकेना. तो शहरातलं काम सोडून आला होता. "सहा फुटांत सायकल आडवी राहते," तो म्हणाला. "मी कुठे उभा राहू? आणि खरं सांगू अण्णा, जागेचं मी बघून घेतलं असतं. पण तुम्ही आम्हाला आधीच गेलेले धरलंत." त्याने हत्यारांची पेटी कॅरिअरला बांधली आणि सायकल हातात धरून फाटकाबाहेर गेला. सायकलवर बसलासुद्धा नाही.

अण्णा फाटकापाशी उभे राहिले. हाक मारायचा हक्क आपल्याला आहे का, हे त्यांना कळेना. तो वळणाआड गेला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा पाच जणांचं सामान आत आलं होतं. बाईंनी पहिली जागा घेतली, नव्वदाव्या पावलाच्या लगेच मागे. कापड कापायचं टेबल त्यांनी खडूच्या रेघेला अगदी लावून ठेवलं आणि निळा एक, निळा पाच खांबावर चिकटवले.

पुतणी नकाशा गुडघ्यावर ठेवून खोडत होती. "अण्णा," ती म्हणाली, "आता पाचच गाळे लागतात. वीस फूट सुटले. वाट शंभर पावलांच्या वर नेता येईल. एकशे एकपर्यंत."

अण्णांनी नकाशाकडे पाहिलं नाही.

"त्याची जागा ठेव," ते म्हणाले.

"तो गेला, अण्णा. आला नाही तर?"

"दुसरं कुणी येईल. ठेव. उद्या सकाळी मी जातो त्याच्याकडे. त्याच्या गाळ्याची मागची भिंत कालव्याकडे आहे. बाहेर काठावर थोडं छप्पर पुढे काढून दिलं तर उभं राहता येतं का बघू." त्यांनी भावाकडे पाहिलं. "मास्तर, तू चल बरोबर. तुझा विद्यार्थी आहे."

"गणितात कच्चा होता," मास्तर म्हणाले.

"बरंच आहे."

मग अण्णांनी कोपऱ्यातून ताग काढला आणि कमरेला गुंडाळला. आज काही वळायची गरज नव्हती. काकूंनी विचारलं नाही, पदर खोचला आणि मूठ धरली. चक्र फिरू लागलं. अण्णांच्या बोटांतून ताग सुटायला लागला आणि ते मागे निघाले, बायकोकडे तोंड करून, आधी टाच, मग पाऊल.

मोजायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पन्नास-पंचावन्न वर्षांत दोर वळताना त्यांनी कधी मोजलं नव्हतं. भिंत जवळ आली की पाठीला गारवा कळे, आणि पाय आपोआप थांबत. मन दुसरीकडे असलं तरी पाठ हजर असे. आता ती पाठ निवांत होती, कारण तिच्या माहितीप्रमाणे भिंत अजून फार लांब होती. काकूंचे डोळे दिसेनासे झाले. नाक दिसेनासं झालं. डाव्या हाताच्या गाळ्यांत कुणी काही ठोकत होतं, कुणी हसत होतं. इतकी माणसं या शेडमध्ये कधी नव्हती. सूत सरळ येत होतं.

टेबलाची कड कमरेत बसली.

कात्री खाली पडली. सूत तुटलं. बाई "अहो!" म्हणून उठल्या, दादा वाटेवरून धावत आला, आणि पलीकडच्या गाळ्यातला पाववाला हसायला लागला तो अण्णांचं तोंड बघून थांबला.

"लागलं का?" दादाने विचारलं. त्याने टेबल दोन्ही हातांनी धरलं होतं. "बाई, हे जरा मागे घेऊ. हातभर सरकवलं तरी..."

"नको," अण्णा म्हणाले. त्यांचा एक हात कमरेवर होता. ते वाकले, तुटलेल्या सुताचं टोक उचललं आणि चिमटीत पुन्हा जोडायला लागले.

"टेबल तिथेच राहू दे. पाठीला कळायला हवं."